पॅची म्हणजे नक्की कसं?

पावसाळ्यात सोलापुरात कुणालाही विचारा, "पाऊस कसा काय?" उत्तर येतं, "सात रस्त्याला झोडपलं, जुळे सोलापुरात धुरळा उडतोय." एवढ्या वाक्याला इंग्रजीत एक विशेषण पुरतं : पॅची. मूळ शब्द पॅच, म्हणजे ठिगळ. आपण मात्र तो भलत्याच बाजूने उचललाय. भांडण मिटलं की 'पॅचअप', खड्डे बुजवले की 'पॅचवर्क'. दोन्हीकडे काहीतरी भरून निघतं. पॅचीत नेमकं तेच घडत नाही. जे सगळीकडे सारखं हवं, ते इथं आहे आणि तिथं नाही.

यातलं 'इथं-तिथं' सोडायचं नाही. पाऊस जूनमध्ये आला, जुलैभर गायब झाला आणि सप्टेंबरात कोसळला, तर तो इरॅटिक, म्हणजे लहरी. हा शब्द लॅटिनमधल्या 'भटकणे'वरून आलाय. 'एरर' त्याचाच भाऊबंद. मोबाईलची रेंज गच्चीवर मिळते आणि जिन्यात मिळत नाही, ती पॅची. एकाच खुर्चीत बसून येते-जाते, ती इंटरमिटंट. हवामान खात्याचं 'तुरळक ठिकाणी' आणखी वेगळं : विभागातल्या 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, असा त्याला हिशेब आहे. पॅचीला हिशेब नाही. अमेरिकेत याच अर्थाने 'स्पॉटी' चालतं. ब्रिटनमध्ये पोराला स्पॉटी म्हटलं तर त्याच्या तोंडावर पुटकुळ्या आहेत असा अर्थ होतो.

मराठीत एकच प्रतिशब्द शोधायला गेलं की पंचाईत. 'असमान' कोरडं वाटतं, 'तुटक' बोलण्याला शोभतं. माणसाच्या माहितीला 'अर्धीमुर्धी' म्हणता येतं, दाढीला 'विरळ'. सुताची लडी रंगवली आणि कुठे गडद, कुठे फिकी निघाली, तर 'रंग सारखा बसला नाही' असं सरळ सांगावं. कारणंही सरळ असतात. कच्च्या सुताला मेण असतं. ते कॉस्टिक सोड्यात नीट उकळून काढलं नाही तर तिथं रंग शिरत नाही. लडीची गाठ आवळलेली असली की गाठीखाली फिकं राहतं. रिॲक्टिव्ह (सुताशी रासायनिक जोड धरणाऱ्या) रंगात मीठ एकदम ओतलं तर रंग दिसेल तिथं झडप घालतो, म्हणून ते दोन-तीन हप्त्यांत टाकायचं आणि लडी फिरवत राहायची.

सगळ्यात नेमका शब्द शेतात सापडतो. ज्वारीची पेरणी तिफणीने होते, म्हणजे मुठीने बी सोडायच्या तीन नळ्यांच्या अवजाराने. एकरी चारेक किलो बी, ओलीपर्यंत, दोन-तीन इंच खोल. नळी ढेकळाने तुंबली, मूठ अडखळली किंवा बी ओलीच्या वर राहिलं, की ओळीत मोकळ्या जागा पडतात. त्यांना नांग्या म्हणतात. 'पॅची जर्मिनेशन'चा यापेक्षा चांगला तर्जुमा कोशात मिळायचा नाही : "उगवण झाली, पण नांग्या लई पडल्या."

नांग्या आठ-दहा दिवसांत भराव्या लागतात, नाहीतर मागून आलेलं रोप शेजाऱ्यांच्या सावलीत दबतं. रब्बीत तोवर वरची ओल उडालेली असते, त्यामुळे नुसतं बी टोकून भागत नाही, तांब्याभर पाणीही घालावं लागतं. तण मात्र अख्ख्या रानात एकसारखं उगवतं.