देवगडात शून्य अंश

आमच्या कलमांच्या बागेत मी तापमापक बसवलाय. दर मिनिटाला तो एक ओळ लिहितो: वेळ, तापमान, आर्द्रता. दिवसाला १,४४० ओळी, तीन वर्षांत पंधरा लाखांवर. हापूसचा मोहोर थंडीवर अवलंबून, म्हणून डिसेंबर लागला की आजूबाजूचे बागायतदार रात्रीचं किमान तापमान माझ्या वेबपानावर बघतात. ते पान पीएचपीत, म्हणजे वेबसाइटसाठीच्या एका प्रोग्रॅमिंग भाषेत, लिहिलंय.

सुरुवातीला 'फाईल' हे फंक्शन, म्हणजे भाषेतली तयार आज्ञा, वापरलं. कोडच्या एका ओळीत सगळ्या नोंदींचा ॲरे, म्हणजे यादी, हातात, सोपं काम. यंदा पान पांढरं पडलं. सर्व्हरच्या चुकांच्या नोंदवहीत मेमरी संपल्याची तक्रार, मर्यादा १३४२१७७२८ बाइट्स, म्हणजे १२८ एमबी. मला पटेना, कारण नोंदींची फाईल जेमतेम ४५ एमबीची. पण 'फाईल' प्रत्येक ओळीची वेगळी स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, करतं. माझी ओळ २८ बाइट्सची, आणि प्रत्येक स्ट्रिंगला वर २४ बाइट्सचं नुसतं हेडर, म्हणजे तिची माहिती ठेवणारा भाग, शिवाय ॲरेतली जागा. अख्खी फाईल एकाच स्ट्रिंगमध्ये वाचणाऱ्या 'फाईल_गेट_कंटेंट्स'ने तीच फाईल मर्यादेत बसली असती, पण मला हव्या होत्या ओळी. ते फंक्शन मी सेटिंग्जच्या छोट्या फाईलपुरतं ठेवलंय, तिथे त्याच्यासारखं सुटसुटीत दुसरं नाही.

मग 'एफओपन'ने फाईल उघडून 'एफगेट्स'ने एकेक ओळ वाचायला लागलो. मेमरीचा प्रश्न सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकांचा फोन: "काय रे, देवगडात शून्य डिग्री खंयसून इली?"

चूक माझी होती. ओळी वाचायच्या फेऱ्या, म्हणजे लूप, मी 'फाईल संपली का' सांगणाऱ्या 'एफईओएफ'वर चालवला होता. शेवटची ओळ वाचून झाली तरी त्याला फाईल संपल्याचं कळत नाही; आणखी एकदा वाचायला गेलं की कळतं. त्या जादा फेरीत 'एफगेट्स' फॉल्स (म्हणजे 'नाही') देतं, फॉल्सचं आकड्यात झालं शून्य, आणि तेच रात्रीचं किमान ठरलं. लोक या आकड्यावर फवारणीचं ठरवतात, म्हणून मला फार लागलं ते. आता 'एफगेट्स'ने दिलेली किंमत फॉल्सच आहे का, हे तीन बरोबर चिन्हांनी (===, शून्य आणि फॉल्स वेगळे धरणारी तुलना) तपासतो आणि तिथेच थांबतो.

पूर्ण नोंदी डाउनलोड करणाऱ्यांना 'रीडफाईल' देतो. ते फाईल सरळ ब्राउझरकडे ओततं, फक्त आउटपुट बफरिंग, म्हणजे पाठवायचा मजकूर आधी मेमरीत साठवणं, बंद हवं.

आणि कालच्या रात्रीसाठी पंधरा लाख ओळी वाचायच्याच कशाला? फाईलमध्ये हव्या त्या जागी नेणाऱ्या 'एफसीक'ने शेवटापासून ४५,००० बाइट्स मागे जातो, पहिली अर्धवट ओळ टाकून देतो आणि तिथून वाचतो.