फाइल समोर, तरी 'फाइल नाही'

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात वीजमीटरचे आकडे मॉडबसवरून (यंत्रांनी एकमेकांशी बोलायची पद्धत) वाचून सर्व्हरला पाठवणारा छोटा लिनक्स बोर्ड पॅनलमध्ये बसवायचा होता. प्रोसेसर कॉर्टेक्स-ए7, 32 बिट. उबुंटूच्या लॅपटॉपवर नेहमीच्या आर्म हार्ड-फ्लोट जीसीसीने (अशा प्रोसेसरसाठीचा कंपायलर) प्रोग्राम कंपाइल केला, बोर्डवर टाकला, चालवला. उत्तर आलं: 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'.

यादी दाखवणाऱ्या 'एलएस'मध्ये फाइल दिसत होती, चालवायची परवानगी देणारं 'चमॉड'ही झालेलं. पॅनलचे इलेक्ट्रिशियन डोकावून म्हणाले, "अहो, ही काय समोर आहे की!"

त्यांचं बरोबरच होतं. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सापडत नव्हता तो लोडर: प्रोग्रामला त्याच्या लायब्ररी जोडून सुरू करणारी फाइल. लॅपटॉपवर प्रोग्रामची रचना दाखवणारं 'रीडएल्फ -एल' लावलं तर प्रोग्राम 'एलडी-लिनक्स-आर्मएचएफ' मागत होता. बोर्डच्या 'लिब'मध्ये होता 'एलडी-मसल-आर्मएचएफ'. मसल आणि ग्लिबीसी या दोन वेगळ्या सी लायब्ररी. म्हणजे बोर्डवर मसल, प्रोग्राम ग्लिबीसीचा. हा मेसेज ज्याने लिहिला त्याने लोडरचं नाव छापलं असतं तर किती लोकांची दुपार वाचली असती!

मसलच्याच लोडरने प्रोग्राम चालवून पाहिला, तर '__एफप्रिंटएफ_सीएचके: सिम्बॉल नॉट फाउंड'. उबुंटूचा जीसीसी ऑप्टिमायझेशन चालू असलं की फोर्टिफाय (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) आपणहून लावतो आणि साध्या 'एफप्रिंटएफ'च्या जागी हे तपासणारं फंक्शन घालतो. मसलमध्ये ते नाहीच. ग्लिबीसीच्या लोडरच्या नावाची सिमलिंक (मसलच्या लोडरकडे नेणारं दुसरं नाव) करूनही इथेच अडकलं असतं.

'-स्टॅटिक' लावून, म्हणजे लायब्ररी प्रोग्राममध्येच भरून, प्रोग्राम सुरू झाला, मीटरही वाचले, पण सर्व्हरचं नाव काही सापडेना. आयपी दिला की जोडणी होई. जुनी ग्लिबीसी (2.34च्या आधीची) स्टॅटिक असली तरी नाव शोधायला चालू असताना एनएसएसच्या (नावं शोधणारा भाग) शेअर्ड, म्हणजे वेगळ्या फाइलींतल्या, लायब्ररी मागते, त्याही त्याच आवृत्तीच्या. प्रोग्राम आणि लायब्ररी जोडणारा लिंकर तशी वॉर्निंग देतो, पण ती वाचतो कोण.

मग बोर्डसाठी कंपायलर आणि लायब्ररी बनवून देणारं बिल्डरूट घेतलं. टार्गेट कॉर्टेक्स-ए7, ईएबीआय-एचएफ (तीच हार्ड-फ्लोट पद्धत), सी लायब्ररी मसल, पॅकेजमध्ये मॉडबसची लायब्ररी लिबमॉडबस. कर्नल हेडर बोर्डच्या कर्नलपेक्षा ('यूनेम -आर' दाखवतं ती आवृत्ती) नवे निवडायचे नाहीत. 'मेक एसडीके'ने या सगळ्या साधनांचा टारबॉल, म्हणजे एकत्र बांधलेली फाइल, मिळतो. तो उघडल्यावर आतली 'रिलोकेट-एसडीके' स्क्रिप्ट चालवायची, नाहीतर पाथ जुन्याच फोल्डरचे राहतात. पहिल्या बिल्डला वेळ लागतो, तेवढ्यात चहा काय, जेवणही उरकतं. बोर्डची रूट फाइलसिस्टिम (जिथे 'लिब' असतं) रीड-ओन्ली असल्यामुळे लायब्ररी तिथे कॉपी करता येत नव्हती. बिल्डरूटमध्ये स्टॅटिक आणि शेअर्ड दोन्ही पर्याय घेऊन लिबमॉडबस तेवढी स्टॅटिक लिंक केली. मसल बोर्डचीच वापरली. या वेळी सर्व्हरचं नाव पहिल्या झटक्यात सापडलं.