मागच्या चाकाची गळती: टेप निर्दोष, दोष रिमच्या सांध्यात

सायकलच्या मागच्या चाकातली हवेची गळती सापडली. मागच्या नोंदीत सगळं खापर रिमवरची स्पोकची भोकं झाकणाऱ्या टेपवर फोडलं होतं, ते मागे घ्यायला हवं. रिम अ‍ॅल्युमिनियमची आहे आणि तिची दोन टोकं वेल्ड केलेली नाहीत, आत पिना घालून जोडलेली आहेत. हा सांधा व्हॉल्व्हच्या बरोबर समोर येतो. डाव्या बाजूला, टायरचा बीड (रिमवर बसणारी कडक कड) टेकतो त्या पट्टीवर, सांध्याची दोन टोकं एका पातळीत नाहीत. डोळ्याला काही दिसत नाही, पण नख फिरवलं की अडकतं. तीन आठवडे हवा तिथूनच जात होती.

मांडणी तीच आहे: २८ मिमी ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर, आतून २१ मिमी रुंद हुकवाली (काठ आत वळलेली) रिम, डिस्क ब्रेक, मागे ७० आणि पुढे ६६ पीएसआय, प्रत्येक टायरमध्ये भोकं बुजवणारं ४० मिली पातळ सीलंट. संध्याकाळी ७ ला ७० भरलेली हवा सकाळी ७ ला ३८ वर आलेली असायची. नाशिकजवळच्या गिरणाऱ्याहून वाघेरा घाटाकडे निघालं की धोंडेगावपर्यंतच मागचं चाक खड्ड्यात रिमवर बसल्यासारखं वाटायचं. नवी टेप लावल्यावर आकडा ४४ झाला. त्या सहा पीएसआयमुळेच टेपवरचा संशय पक्का झाला आणि पुढचे दहा दिवस वाया गेले.

तपासणीचा जो क्रम शेवटी कामाला आला, तोच आधी लावायला हवा होता. पहिली गोष्ट, पुढचे-मागचे टायर अदलाबदल करायचे. गळती मागच्या चाकातच राहिली, म्हणजे टायर संशयातून सुटला. मग व्हॉल्व्ह: कोअर (आतला फिरवून बसवायचा भाग) काढून टोकाला साचलेलं सीलंट साफ करायचं, कोअर घट्ट करायचा आणि तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा. थेंब फुगला नाही, तर तोही सुटला. त्यानंतर सीलंट पूर्ण पुसून काढून कोरडा टायर चढवायचा. हीच पायरी बहुतेक जण टाळतात. सीलंट आत असेल तर गळती अर्धवट बुजते, पुन्हा उघडते आणि रोज वेगळा आकडा मिळतो.

कोरड्या चाकात ६० पीएसआय भरून ते धुण्याच्या मोठ्या टबात उभं बुडवलं आणि हळूहळू फिरवलं. बुडबुडे दोन ठिकाणी आले. एक उजवीकडच्या स्पोकच्या निपलमधून (स्पोक रिमला धरणाऱ्या नटमधून), अगदी किरकोळ. या निपलच्या बुडबुड्यांनी फसू नका. रिम आतून पोकळ असते. टेप एका जागी सुटलेली असली तरी हवा पोकळीतून फिरून वाट मिळेल त्या निपलमधून बाहेर येते, म्हणून त्या निपलवरचीच टेप दाबत बसण्यात अर्थ नाही. निपलमधून हवा आली, तर टेप पूर्ण काढून नवी लावायची.

दुसरी जागा सांध्याची. टायर आणि रिमच्या काठामधून मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग एक, माळ ओवल्यासारखे वर येत होते. पाण्यातच चाक थोडं पुढे-मागे फिरवलं तरी ते रिमच्या त्याच जागेवरून येत राहिले. पेन्सिलने खूण केली, टायर उतरवला, नख फिरवलं आणि पायरी लागली.

मग सीलंटने हे आधीच का बुजवलं नाही? चाक फिरताना सीलंट बाहेरच्या बाजूला, टायरच्या तळव्यावर फेकलं जातं. बीडच्या कोपऱ्यात ते पोचतच नाही. चाक उभं ठेवलं तर ते तळाशी साचतं. शिवाय घाटात उभं राहून पेडल मारताना बीड सांध्यावर किंचित हलतो आणि पातळ साय धरली असेल तर ती फाटते. काट्याचं भोक बुजवणं आणि हलणारी फट बुजवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

दुरुस्ती अशी केली. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त उंचवट्याची कड मारली, नंतर ८०० ने गुळगुळीत केली. एकूण घासलं असेल दोन मिनिटं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसली आणि हळू सुकणाऱ्या अराल्डाइटचा पातळ हात ब्लेडने सांध्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर ओढला. २४ तास सुकू दिलं आणि वर राहिलेला भाग ८०० च्या पेपरने पुन्हा सपाट केला. पाच मिनिटांत सुकणारं अराल्डाइट नको, ते पसरायच्या आत घट्ट होतं. बीडची पट्टी जास्त घासली गेली तर टायर सैल बसतो आणि दाबाखाली उडू शकतो, त्यामुळे हात आवरता ठेवा. हुकलेस किंवा कार्बन रिमवर हा प्रयोग अजिबात करू नका. रिम वॉरंटीत असेल तर घासण्याआधी परत पाठवा.

टेपची पद्धतही बदलली. पूर्वी सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून व्हायची, म्हणजे टेपची टोकं नेमकी सांध्यावर यायची. आता सुरुवात व्हॉल्व्हच्या एक स्पोक अलीकडून, दोन पूर्ण वेढे, आणि शेवट व्हॉल्व्ह ओलांडून १० सेंटिमीटर पुढे. अशाने सांध्यावरून दोन्ही थर अखंड जातात. २१ मिमीच्या रिमला २५ मिमी टेप घेतली, म्हणजे ती दोन्ही भिंतींवर थोडी चढते. टेसा ४२८९ ही पॅकिंगची टेप ताणून लावली की बरोबर बसते. सायकलसाठी म्हणून ऑनलाइन मिळालेली, कुणाचंच नाव नसलेली निळी टेप मात्र दुसऱ्या दिवशीच स्पोकच्या भोकांवर खळगे पाडून बसली होती. व्हॉल्व्हचं भोक चाकूने फुलीसारखं कापू नका, ती चीर पुढे धावते. टोच्या गॅसवर तापवून आरपार घातला की गोल, वितळलेल्या कडेचं भोक पडतं. टेप लावल्यावर ट्यूब घालून रात्रभर ६० वर ठेवली. खळगे कुठे पडतात ते त्यात कळतं आणि टेपही चिकटून बसते.

सीलंट घातल्यावर चाक बादलीच्या तोंडावर आडवं ठेवायचं, डावी बाजू खाली, अर्धा तास. मध्ये दोनदा हलवायचं. बीडच्या कोपऱ्यात सीलंट पोचवायचा दुसरा मार्ग नाही.

निकाल: संध्याकाळी ७ ला ७०, सकाळी ७ ला ६६. आधी हे ४ पीएसआयही खटकले, पण ते थंडीचे निघाले. गॅलरीत संध्याकाळी २६ अंश होते आणि पहाटे ११. गेजचे ७० म्हणजे नाशिकच्या उंचीवर वातावरणाचे साधारण १३.७ धरून एकूण ८३.७. तापमान १५ अंशांनी उतरलं की त्यातले ५ टक्के, म्हणजे ४ पीएसआयच्या आसपास, आपोआप कमी होतात. त्याच दिवशी दुपारी २६ अंशांना पुन्हा मोजलं आणि गेजने ६९ दाखवले. थंडीत ज्यांचं चाक 'रात्री थोडंसं उतरतं', त्यांनी टेप उखडण्याआधी दुपारी एकदा मोजून पाहावं. मोजायला वेगळा डिजिटल गेज वापरा. फ्लोअर पंप लावला की थोडी हवा नळीत जाते आणि आकडा आधीच खोटा होतो.

रस्त्याबद्दल थोडक्यात. वाइनच्या द्राक्षांची तोडणी सुरू झाली आहे. ऊन चढायच्या आत तोडतात, म्हणून गिरणारे आणि दिंडोरीच्या बाजूला पहाटेच क्रेट भरलेली पिकअप वाहनं वळणावर समोर येतात. मागे लाल दिवा चालू ठेवा. जिथे बागांची दुरुस्ती चालू असते, तिथे मांडवाच्या तारेचे आणि बांधणीच्या बारीक तारेचे तुकडे रस्त्याच्या कडेला पडलेले असतात. पुढच्या टायरमधून निघालेला तुकडा सेंटिमीटरभर लांबीचा होता, इंग्रजी यूसारखा वाकलेला, एक टोक रबरात आणि दुसरं रस्त्याला घासून चकचकीत झालेलं. सीलंटने भोक धरलं होतं. बाभळीचा काटा किंवा तार दिसली तरी घरी पोचेपर्यंत उपटू नका. वाटेत टीपीयू (पातळ प्लॅस्टिकची) ट्यूब घालायची वेळ आली, तर आधी टायरच्या आतून बोटं फिरवून एकेक टोक काढा. सीलंटने आतापर्यंत सांभाळलेले सगळे काटे नव्या ट्यूबला पहिल्याच फेरीत टोचतात.

पुढचं काम सप्तशृंगी घाटासाठी ११-३४ कॅसेट (मागच्या चाकावरचा ११ ते ३४ दातांच्या चकत्यांचा संच) बसवण्याचं ठरलं होतं. नांदुरीपासून वर सुमारे १० किलोमीटर सलग चढ. पुढे ३४, मागे २८ दात असले तर मिनिटाला पेडलच्या ६० फेऱ्यांना ताशी ९.३ किलोमीटर वेग ठेवावाच लागतो. ३४-३४ वर तोच ७.७ होतो आणि गुडघे वाचतात. आता मात्र आधी ३२ मिमी टायर लावायचा विचार आहे, कॅसेट नंतर. दाब ७० वरून ५६ वर येईल, सांध्यावरचा ताण कमी होईल आणि सीलंटही भोक लवकर धरेल, कारण ७० च्या आसपास ते बुजण्याआधीच फवारा उडतो. मागच्या फ्रेममध्ये टायरच्या दोन्ही बाजूंना ४ मिमी मोकळे राहतात का, ते ४ मिमीची अ‍ॅलन की सरकवून तपासलं. उजवीकडे सहज जाते, डावीकडे अडकते. चाक अर्धा मिमी उजवीकडे खेचून ट्रू (स्पोक आवळून सरळ) केलं की पुन्हा मोजायचं.