व्हिसा लागत नाही, म्हणजे नेमके काय लागते? लंडन, पॅरिस आणि स्वित्झर्लंडच्या प्रवासाचा माझा अनुभव

आमच्या घरातले तिन्ही पासपोर्ट निळ्या रंगाचे आहेत. दोन अमेरिकेचे आणि एक भारताचा. कपाटाच्या खणात एकावर एक ठेवले की वरवर पाहता फरक कळत नाही, पण २०२५ च्या जानेवारीत आम्ही युरोपच्या सहलीचा बेत आखायला घेतला आणि पुढचे पाच महिने तो फरक मला रोज कळत राहिला. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मी २०२२ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व घेतले, सात वर्षांचा मुलगा जन्मानेच अमेरिकन आहे आणि नवऱ्याकडे ग्रीन कार्ड असले तरी पासपोर्ट अजून भारताचाच आहे. बेत साधा होता: जूनअखेरीस लंडनमध्ये पाच रात्री, तिथून रेल्वेने पॅरिसला तीन रात्री, पुढे स्वित्झर्लंडमध्ये सहा रात्री आणि ५ जुलैला झुरिचहून परत. पुण्याहून आई फोनवर म्हणाली, "तुम्हाला काय गं, अमेरिकेचे पासपोर्ट, तिकीट काढलं की विमानात बसायचं!"

सुरुवातीला आमचाही समज थोडाफार असाच होता. कॅनडा आणि मेक्सिको या दोन्ही देशांत ग्रीन कार्ड असलेल्या भारतीयाला वेगळा व्हिसा लागत नाही आणि नायगाराची पलीकडची बाजू आम्ही त्याच जोरावर पाहिलेली होती, त्यामुळे युरोपातही ग्रीन कार्ड चालून जाईल असे नवऱ्याने गृहीत धरले होते. तसे नाही. ब्रिटन असो वा एकाच व्हिसावर फिरता येणारे, फ्रान्स-स्वित्झर्लंडसह शेंगेन करारातले २९ देश, पर्यटकाला व्हिसातून सूट द्यायची की नाही हे तो कुठे राहतो यावर ठरत नाही, तर त्याच्या हातातला पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे यावर ठरते. म्हणजे एकाच घरातल्या, एकाच विमानात शेजारीशेजारी बसणाऱ्या तिघांपैकी दोघांना सूट आणि एकाला दोन स्वतंत्र व्हिसा, एक ब्रिटनचा आणि एक शेंगेनचा, अशी आमची विभागणी झाली.

सूट म्हणजे मोकळीक, असेही आता राहिलेले नाही. अमेरिकी नागरिकांना ८ जानेवारी २०२५ पासून ब्रिटनला जाण्यापूर्वी इलेक्ट्रॉनिक ट्रॅव्हल ऑथरायझेशन, म्हणजे ईटीए, घ्यावे लागते. हा व्हिसा नव्हे. पासपोर्टला ऑनलाइन जोडलेली ती पूर्वपरवानगी आहे. ती दोन वर्षे किंवा पासपोर्टची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर चालते आणि तिच्यावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येते. तान्ह्या बाळालाही ती स्वतंत्र घ्यावी लागते. कागदपत्रे म्हणाल तर पासपोर्ट, ईमेलचा पत्ता आणि पैसे भरायला कार्ड, एवढेच. हॉटेलचे आरक्षण, बँकेचे विवरण, नोकरीचे पत्र यांपैकी काहीही कोणी मागत नाही.

मी मार्चच्या अखेरीस आम्हा दोघांचे अर्ज भरले. इंटरनेटवर शोध घेतल्यावर सर्वांत वर जे संकेतस्थळ दिसले, तिथे एका अर्जाचे जवळजवळ ८० डॉलर मागितले होते. रंगसंगती सरकारी, झेंडाही होता, पण पत्त्यात गव्ह डॉट यूके नव्हते. मी ते पान बंद केले आणि ब्रिटिश सरकारचे अधिकृत ॲप फोनवर उतरवून घेतले. शुल्क तेव्हा १० पौंड होते. ॲपने आधी पासपोर्टच्या फोटोच्या पानाचे छायाचित्र घेतले आणि मग फोन पासपोर्टवर टेकवून आतली चिप वाचायला सांगितले. इथे माझी अर्धी संध्याकाळ गेली. वर्तुळ फिरायचे, थांबायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पासपोर्टचे चामडी वेष्टन आणि फोनची जाड केस दोन्ही काढून, पासपोर्ट ओट्यावर सपाट ठेवून फोन त्यावर हलवत हलवत नेला, तेव्हा कुठे चिप सापडली.

प्रश्न थोडेच होते, पण एकापाशी माझे बोट अडले. तुमच्याकडे आणखी कोणत्या देशाचे नागरिकत्व आहे का? माझ्याकडे ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड आहे, त्याच्या नावातच 'सिटिझन' हा शब्द आहे आणि भारतात जाताना मी ते अभिमानाने दाखवते. तरीही याचे खरे उत्तर 'नाही' असेच आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. अमेरिकेची शपथ घेतल्यावर भारताचा पासपोर्ट मी रीतसर परत केला होता आणि ओसीआय ही नावात काहीही असले तरी आजीवन व्हिसासारखी सोय आहे, नागरिकत्व नव्हे. माझ्या ओळखीच्या दोघांनी तिथे 'भारत' असे लिहिले होते. खोटे बोलण्याचा त्यांचा हेतू नव्हता, नावाने त्यांची दिशाभूल केली.

माझी मंजुरी दुसऱ्या दिवशी सकाळी ईमेलने आली आणि मुलाचीही लगोलग आली. हे काम संपले, असे मला वाटले.

नवऱ्याचे काम मात्र तेव्हा निम्मेही झालेले नव्हते आणि अडचण कागदांची कमी, क्रमाची जास्त होती. दोन्ही व्हिसांसाठी मूळ पासपोर्ट द्यावा लागत होता आणि पासपोर्ट एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करता येतो. ब्रिटनचा निर्णय यायला साधारण तीन आठवडे धरावे लागतात. म्हणून आधी ब्रिटन, मग शेंगेन असे आम्ही ठरवले. फेब्रुवारीत ११५ पौंड भरून ब्रिटनचा अर्ज केला, बोटांचे ठसे दिले आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पासपोर्ट हाती आला.

शेंगेनसाठी अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हाही निवडीचा विषय नसतो. जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे. मुक्काम सारखा असेल तर जिथून पहिला प्रवेश, त्या देशाकडे. आमचा प्रवेश फ्रान्समधून होता, पण सहा रात्री स्वित्झर्लंडमध्ये होत्या, त्यामुळे अर्ज स्वित्झर्लंडकडे जाणार होता. फ्रान्सची भेटीची वेळ आधी मिळत होती, म्हणून पॅरिसमध्ये सहा रात्रींचे खोटे आरक्षण दाखवून नंतर रद्द करा, असा सल्ला एका परिचिताने दिला. आम्ही तो मानला नाही. स्वित्झर्लंडच्या वतीने अर्ज घेणाऱ्या केंद्राच्या संकेतस्थळावर तीन आठवडे मध्यरात्री जागून आम्हाला २२ एप्रिलची वेळ मिळाली.

त्या फाइलमध्ये काय काय होते, हे मुद्दाम सांगते, कारण सूट असलेल्याला आणि नसलेल्याला एकाच सहलीसाठी काय द्यावे लागते याचा अंदाज त्यातून येतो. भरलेला अर्ज, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, दोन कोरी पाने असलेला पासपोर्ट, ग्रीन कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत, येण्याजाण्याची तिकिटे, प्रत्येक रात्रीचे आरक्षण, तीन महिन्यांचे बँकेचे विवरण आणि पगाराच्या पावत्या, नोकरीचे आणि रजेचे पत्र आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवास विमा. शुल्क ९० युरो. खिडकीवरच्या मुलीने सगळे कागद शांतपणे उलटले आणि नोकरीच्या पत्रापाशी थांबली. पत्र कंपनीच्या यंत्रणेतून आपोआप निघालेले होते, त्यावर कोणाचीही सही नव्हती. "सही लागेल," एवढेच ती म्हणाली. नवऱ्याने कार्यालयात फोन केला, तिथल्या बाईंनी पत्रावर सही करून स्कॅन पाठवला, तो समोरच्या दुकानात जाऊन छापून आणला आणि पाऊण तासाने तो पुन्हा त्याच खिडकीपाशी उभा राहिला. पासपोर्ट ९ मे रोजी व्हिसासह परत आला.

ही फाइल लावतानाच माझी खरी चूक उघडकीला आली. नवऱ्यासाठी नियम वाचत होते, त्यात एक ओळ अशी होती की पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला असावा आणि शेंगेन प्रदेशातून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने त्याची मुदत शिल्लक असावी. हा नियम व्हिसा घेणाऱ्यांना जसा लागू आहे, तसाच व्हिसातून सूट असलेल्यांनाही आहे. अमेरिकेत १६ वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. मुलाचा पासपोर्ट सप्टेंबर २०२० मध्ये काढला होता, म्हणजे तो १४ सप्टेंबर २०२५ ला संपत होता. आम्ही ५ जुलैला बाहेर पडणार, म्हणजे मुदत निदान ५ ऑक्टोबरपर्यंत हवी. मी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले. २१ दिवस कमी पडत होते.

ईटीएच्या ॲपने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता आणि त्यात त्याची चूकही नव्हती. ब्रिटनला मुक्कामापुरती मुदत पुरते. परवानगी मिळाली म्हणजे पासपोर्ट सगळीकडे चालेल, हा निष्कर्ष माझा मी काढला होता.

लहान मुलाच्या पासपोर्टाचे नूतनीकरण टपालाने होत नाही. मूल आणि दोन्ही पालक यांनी समक्ष जावे लागते. नवऱ्याचा पासपोर्ट त्या वेळी स्वित्झर्लंडच्या वकिलातीत होता, पण ओळख म्हणून वाहन परवाना चालला. मुलाच्या जन्माचा दाखला, जुना पासपोर्ट, नवा फोटो घेऊन आम्ही तिघे एका शनिवारी पोस्टात गेलो आणि लवकर मिळावा म्हणून जादा ६० डॉलर धरून एकूण १९५ डॉलर भरले. जुन्या पासपोर्टात तो दोन वर्षांचा, गालांनी भरलेला, कॅमेऱ्याकडे संशयाने बघणारा होता. पोस्टातल्या बाईंनी फोटो आणि समोरचा मुलगा असे दोनदा ताडून पाहिले. नवा पासपोर्ट मेच्या मध्यावर आला. ईटीए पासपोर्टच्या क्रमांकाला जोडलेले असल्याने जुने आपोआप निकामी झाले आणि मुलाचा अर्ज पुन्हा करावा लागला. मधल्या काळात, ९ एप्रिलपासून, शुल्क १० चे १६ पौंड झाले होते.

त्याच सुमारास शेंगेनसाठीही अशीच परवानगी लागते असे सांगून पैसे मागणारी एक साइट मला भेटली. त्या परवानगीचे नाव एटियास, ती खरोखर येणार आहे, पण २०२५ मध्ये ती कोणाकडूनही घेतली जात नव्हती आणि अर्ज स्वीकारणारी प्रत्येक साइट त्या अर्थाने खोटीच होती. २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत ती सुरू करण्याचे युरोपीय संघाने जाहीर केले आहे. आम्ही परतल्यावर दोन आठवड्यांच्या आतच तिचे नियोजित शुल्क ७ वरून २० युरो झाल्याची बातमी आली. १८ वर्षांखालील आणि ७० वर्षांवरील व्यक्तींना अर्ज करावा लागेल, शुल्क मात्र नसेल. परवानगी तीन वर्षे किंवा पासपोर्टच्या मुदतीपर्यंत चालेल.

प्रत्यक्ष प्रवासात विमानतळावर काउंटरवरच्या माणसाने आमचे पासपोर्ट यंत्रात फिरवले, पडद्याकडे पाहिले आणि बोर्डिंग पास दिले. ईटीएचा छापील कागद मी जपून नेला होता, तो कोणी मागितलाच नाही. लंडनला १० वर्षांखालील मुलांना स्वयंचलित गेट नव्हते, म्हणून आम्ही तिघेही अधिकाऱ्याच्या रांगेत उभे राहिलो. फ्रान्सची तपासणी लंडनच्या सेंट पॅनक्रस स्थानकातच होते. माझ्या आणि मुलाच्या पासपोर्टवर शिक्का पडायला अर्धे मिनिटही लागले नाही. नवऱ्याचा व्हिसा पाहून अधिकाऱ्याने विचारले, "व्हिसा स्वित्झर्लंडचा, आणि निघालात पॅरिसला?" त्याने स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनच्या हॉटेलचे आरक्षण पुढे केले. अधिकाऱ्याने रात्री मोजल्या, मान डोलावली आणि शिक्का मारला. मुलाला तो शिक्का फार आवडला. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर टप्प्याटप्प्याने शिक्क्यांऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवायला सुरुवात झाली आहे, म्हणून त्याच्या नव्या पासपोर्टातले ते पॅरिसचे पान आता आणखी जपून ठेवले आहे.

परत आल्यावर नवऱ्याने नागरिकत्वाच्या अर्जाची यादी काढली. तो नागरिक झाला की ब्रिटनसाठी ईटीए त्यालाही पुरेल, पण भारतात जायला आधी पासपोर्ट परत करून ओसीआय किंवा व्हिसा काढावा लागेल. यादीतला पहिला कागद ग्रीन कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत आहे. ती शेंगेनच्या फाइलमधून उरलेली आहे.