चार विषय, मग तीन, मग एक

बारावीनंतर आमच्या घरात एकच शब्द घुमत होता: स्कोप. मामा चाकणहून फोन करायचा, "कॉम्प्युटरच घे, स्कोप आहे." सीईटीचा पर्सेंटाइल असा आला की कॅप राउंडमध्ये शहराबाहेरचं एक इंजिनिअरिंग कॉलेज लागलं. ती जागा सोडून मी बी.एस्सी.ला गेले. पुढचे दोन दिवस बाबा माझ्याशी दूध आणायला सांगण्यापुरतंच बोलले.

मला वाटलं, सुटले. पण पुणे विद्यापीठाच्या तेव्हाच्या पद्धतीत एफ.वाय.ला चार विषय, एस.वाय.ला तीन आणि टी.वाय.ला एकच, ज्याला सगळे 'स्पेशल' म्हणतात. थोडक्यात, दर वर्षी काहीतरी सोडायचं. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स ठरलेले होते. चौथा जिऑलॉजी, म्हणजे भूगर्भशास्त्र, कारण खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "इलेक्ट्रॉनिक्स भरलंय."

मॅथ्स पहिल्याच वर्षी सोडलं, फार दुःख झालं नाही. फिजिक्स सोडायचंही एस.वाय.च्या दिवाळीपर्यंत ठरलं. अडलं ते केमिस्ट्री की जिऑलॉजी इथे. केमिस्ट्रीत मार्क जास्त होते. मध्ये बाबांनी पैसे भरून एका ठिकाणी कल चाचणी करवली. रंगीत रिपोर्टमध्ये वकिली, आर्किटेक्चर आणि व्यवस्थापन निघालं. तो रिपोर्ट बाबांनी अजून कपाटात जपून ठेवलाय.

मग मी पास झालेल्या सीनियर्सना गाठायला लागले. 'स्कोप आहे का' असं विचारलं की सगळे 'आहे' म्हणतात, म्हणून प्रश्न बदलला: सोमवारी सकाळी दहा ते एक काय करतोस? केमिस्ट्रीवाला दादा औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे दर्जा तपासणीला होता. "एकाच गोळीचे नमुने मशीनला लावतो, नोंदी करतो. पगार वेळेवर होतो." जिऑलॉजीवाली ताई भूजल सर्वेक्षणाच्या कामावर कंत्राटी होती. विहिरींची पातळी मोजत तालुकाभर फिरायची. तिने आधीच बजावलं, "एम.एस्सी.शिवाय या विषयाला अर्थ नाही. यूपीएससीची जिओसायंटिस्टची परीक्षा द्यायची तरी तेच लागतं. पाच वर्षांची तयारी असेल तर ये." मला उलट बरं वाटलं. पहिल्यांदाच कुणीतरी किंमत सांगितली होती.

टी.वाय.च्या तासांना मागच्या बाकावर बसायची परवानगी दोन्ही विभागांत मिळाली. ऑरगॅनिकच्या तासाला माझं लक्ष घड्याळाकडे असायचं, ते मी बरेच दिवस स्वतःशीही कबूल केलं नाही.

पण खरं ठरलं ते कात्रजच्या घाटात. सरांनी कापलेल्या कड्यासमोर उभं केलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे, म्हणजे बेसॉल्ट खडकाचे थर, काही घट्ट, काही भोकाभोकांचे, मध्ये विटकरी मातीचा पट्टा. "घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी जवळपास नसतंच. ते वरच्या कुजलेल्या खडकात, भेगांत आणि या सच्छिद्र थरांत."

मला आमची पुरंदरची आजी आठवली. तिच्या शेतात पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवून दोन जागा दाखवल्या होत्या. एक बोअर दोनशे ऐंशी फूट, दुसरं तीनशे दहा. दोन्हींतून नुसता फुफाटा. बांधापलीकडच्या चाळीस फुटी विहिरीला मात्र मार्चपर्यंत पाणी. हे तिथल्या तिथे सरांना सांगितलं, तर त्यांनी वहीत थरांचं चित्र काढून दाखवलं. बोअर बहुधा घट्ट थरात उतरलं होतं, विहीर कुजलेल्या खडकातच थांबली होती. घाट उतरेपर्यंत मी ते चित्र चार वेळा पाहिलं.

स्पेशलच्या फॉर्मवर बाबांनी सही केली, पण "दगड शिकून काय करणार?" हे ऐकवूनच. आजीला फोन केला तर ती म्हणाली, "मग सांग, तिसरं बोअर कुठं पाडायचं?"

"आजी, थांब गं. अजून टी.वाय. सुरू व्हायचंय."

"बरं. तवर नारळवाल्याला नाही सांगते."