आमची वाटचाल : घोट्याकडून अंगठ्याकडे

पावलाच्या शेवटच्या बोटापर्यंत रक्त पोचतंय का आणि किती, हे मोजणं हा आमचा व्यवसाय. पुण्यात बसून आम्ही सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर भागातल्या छोट्या हॉस्पिटलांना आणि डायबेटिक फूट क्लिनिकांना त्यासाठीची यंत्रं पुरवतो, त्यांची देखभाल करतो आणि तिथल्या सिस्टर व टेक्निशियनना मोजायला शिकवतो. यातलं शिकवणंच सर्वांत मोठं. जखम ड्रेसिंगवर भरेल, धमनी उघडावी लागेल की बोट काढावं लागेल, हे ठरवताना सर्जनसमोर हेच आकडे असतात.

सुरुवात हातात मावणाऱ्या डॉपलरपासून, म्हणजे ध्वनिलहरींनी धमनीतल्या रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्रापासून झाली. ८ मेगाहर्ट्झचा पेन्सिल प्रोब, रक्तदाबाचा साधा कफ आणि जेल, एवढंच सामान. पेशंटला १० मिनिटं उताणं झोपवायचं. दोन्ही दंडांचा वरचा दाब घ्यायचा, मग प्रत्येक पायात दोन ठिकाणी: पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याच्या आतल्या हाडामागे. पायातला जास्तीचा आकडा भागिले दंडातला जास्तीचा आकडा म्हणजे एबीआय (अँकल-ब्रेकियल इंडेक्स, घोटा आणि दंड यांच्या दाबांचं गुणोत्तर). दंडात १२० आणि घोट्याला ८४ आले तर ०.७०. १.०० ते १.४० सर्वसाधारण, ०.९० किंवा त्याखाली गेला की धमन्या अरुंद झाल्या आहेत असं धरायचं. प्रोब त्वचेशी ४५ ते ६० अंशांत तिरका हवा. काटकोनात धरला तर आवाज हरवतो, जोरात दाबला तर पावलावरची बारीक धमनी मिटते आणि नाडी नाहीच असं वाटतं. कफची हवा सेकंदाला पाऱ्याच्या २-३ मिमीच्या वेगानंच सोडायची.

एबीआय स्वस्त आहे, पटकन होतो, आणि नेमक्या मधुमेहात दगा देतो. मधुमेह जुना झाला किंवा किडनी बिघडली की धमनीच्या मधल्या थरात कॅल्शियम साठतं आणि ती दाबूनही दबत नाही. कफ २५० पर्यंत फुगवला तरी डॉपलरचा आवाज चालूच राहतो. १.४० च्या वरचा एबीआय निदान शंका तरी निर्माण करतो. आम्हाला भीती वाटते ती १.०५ ची. धमनी अरुंद असल्यानं आकडा उतरतो, कॅल्शियममुळे चढतो, रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलं जातं आणि अंगठा काळा पडत असतो. म्हणून शुगरच्या पेशंटची जखम भरेल की नाही हे एकट्या एबीआयवर ठरवू नका, असं आम्ही प्रशिक्षणात सर्वांत आधी सांगतो.

त्यामुळेच आम्ही अंगठ्याच्या दाबाकडे वळलो. बोटांच्या धमन्यांत कॅल्शियम सहसा कमी असतं. अंगठ्याच्या मुळाशी २.५ सेंमी रुंदीचा कफ आणि टोकाच्या मऊ भागावर पीपीजी सेन्सर, म्हणजे प्रकाशाच्या मदतीनं नाडीची लाट दाखवणारा सेन्सर. लाट सपाट होईपर्यंत कफ फुगवायचा, मग हळूहळू सोडायचा. पहिली लाट परत दिसते तो दाब. दंडाच्या दाबाशी त्याचं गुणोत्तर ०.७० च्या खाली असेल तर रक्तपुरवठा कमी. इथं सर्वांत जास्त घोळ थंडीनं होतो. एसीच्या झोतात गार पडलेल्या पायाच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बऱ्या पायाचाही आकडा कमी येतो. खोली २२ ते २४ अंशांत, पायावर ब्लँकेट, आणि पाऊल उबदार लागल्याशिवाय सुरुवात नाही. सेन्सर पट्टीनं आवळला तरी लाट जाते. दुहेरी चिकटपट्टीनं नुसता टेकवावा.

टीसीपीओटू, म्हणजे त्वचेतून बाहेर येणारा प्राणवायू मोजणारं यंत्र, नंतर आलं आणि आमचा बहुतेक वेळ आता त्यातच जातो. सेन्सरमध्ये प्लॅटिनम आणि चांदीचे इलेक्ट्रोड, त्यावर इलेक्ट्रोलाइटचा थेंब आणि वर पातळ पडदा असतो. तो त्वचेला ४४-४५ अंशांपर्यंत तापवतो. त्यानं केशवाहिन्या उघडतात आणि प्राणवायू पृष्ठभागापर्यंत येतो. केस काढून, स्पिरिटनं पुसून, वाळू देऊन रिंग चिकटवायची, तिच्यात कॉन्टॅक्ट लिक्विडचे २-३ थेंब घालून सेन्सर बसवायचा आणि १५ ते २० मिनिटं थांबायचं. दुसरा सेन्सर कॉलरबोनखाली छातीवर. तिथलाही आकडा कमी आला तर दोष पायाचा नाही, फुप्फुसाचा किंवा हृदयाचा असू शकतो. हाड, शीर, घट्टा आणि तळव्याची जाड कातडी टाळायची. सुजलेल्या पायात रीडिंग खोटं कमी येतं. उलट पावलावरचा आकडा अचानक १४० कडे धावला तर रिंगखालून हवा शिरते आहे, पुन्हा बसवा.

कॅलिब्रेशनबाबत आम्ही हट्टी आहोत. सेन्सर हवेवर जुळवतात आणि हवेचा दाब उंचीनुसार बदलतो. मुंबईत कोरड्या हवेतल्या प्राणवायूचा दाब सुमारे १५९ मिमी, पुण्यात सुमारे १४९, महाबळेश्वरी त्याहून कमी. मुंबईचा आकडा तसाच ठेवून पुण्यात सेन्सर जुळवला तर प्रत्येक रीडिंग ६-७ टक्के चढं येतं. २८ चे ३० होतात. २०१४ पासून वापरात असलेल्या वायफाय (WIfI: जखम, रक्तपुरवठा आणि पावलाचा संसर्ग यांवरून पायाला असलेला धोका ठरवणाऱ्या) वर्गीकरणात, अंगठ्याचा दाब असो वा टीसीपीओटू, ६० आणि वर ठीक, ४० ते ५९ सौम्य, ३० ते ३९ मध्यम आणि ३० च्या खाली तीव्र. म्हणजे तेवढ्या दोन मिमीनं पेशंटची पायरी बदलते. पडद्याला सुरकुती पडली किंवा आत बुडबुडा राहिला की रीडिंग सरकत जातं, इलेक्ट्रोलाइट सुकलं की स्थिरच होत नाही. पडदे आणि इलेक्ट्रोलाइटचा साठा आम्ही म्हणूनच पुण्यात ठेवतो. आयात होऊन येईपर्यंत क्लिनिक थांबू शकत नाही.

लेसर डॉपलरची, म्हणजे लेसरच्या प्रकाशानं त्वचेतला रक्तप्रवाह मोजणाऱ्या यंत्राची, चौकशी अधूनमधून येते. भाजल्याची खोली ४८ तासांनंतर पाहायला तो उत्तम, पण त्याची एककं सापेक्ष असल्यानं दोन वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. पायाच्या जखमांसाठी आम्ही तो सुचवत नाही.

अलीकडे यंत्रासोबत आम्ही छापील रिपोर्ट फॉर्मही देतो. सेन्सर पावलावर नेमका कुठे होता, त्याचं तापमान, खोलीचं तापमान, हवेचा दाब, छातीवरचं रीडिंग आणि पेशंट ऑक्सिजन मास्कवर होता की साध्या हवेवर, या रकान्यांपैकी एकही रिकामा असेल तर तपासणी पुन्हा करावी, असं सर्व्हिस करारातच लिहिलेलं असतं.