जाहीरनाम्यातले 2100, अर्थसंकल्पातले 1500

5 नोव्हेंबर 2024 ला कोल्हापूरच्या सभेत महायुतीनं दहा वचनं जाहीर केली. लाडक्या बहिणींना 1500 ऐवजी 2100 रुपये, शेतकऱ्यांना कर्जमाफी, हमीभावावर 20 टक्के अनुदान, वीजबिलात 30 टक्के कपात ही त्यातली ठळक. 23 नोव्हेंबरला निकाल लागला, 288 पैकी 230 च्या वर जागा आल्या, 5 डिसेंबरला शपथविधी झाला. 10 मार्च 2025 ला अर्थसंकल्प मांडला गेला आणि त्यात 2100 हा आकडा कुठेच नव्हता. मग नेहमीचं सुरू झालं. एक बाजू म्हणाली फसवणूक, दुसरी म्हणाली जाहीरनामा पाच वर्षांसाठी असतो. दोन्हीकडचे लोक भाषणांवरच भांडत होते. वचनाचं पुढे काय होणार हे भाषणात सापडत नाही. ते तरतुदीच्या एका ओळीत असतं, शासन निर्णयाच्या निकषांत असतं आणि बऱ्याचदा एका तारखेत असतं.

आधी तरतूद. एक हिशेब पाठ करून ठेवण्यासारखा आहे: एक कोटी लाभार्थी आणि दरमहा 100 रुपये म्हणजे वर्षाला 1200 कोटी. कोणत्याही पक्षाचं रोख रकमेचं वचन या मापात घालून बघता येतं. लाभार्थी 2 कोटी 40 लाख धरले तर 1500 रुपयांना वर्षाला 43,200 कोटी लागतात, 2100 ला 60,480 कोटी. म्हणजे सभेत सहज उच्चारलेल्या त्या वरच्या 600 रुपयांची किंमत वर्षाला 17,280 कोटी. समोर महाविकास आघाडीनं महालक्ष्मी योजनेत 3000 रुपये देऊ म्हटलं होतं. त्याच संख्येला तो खर्च 86,400 कोटींवर जातो. निवडून कोणीही आलं असतं तरी वित्त विभागातली पहिली बैठक फार वेगळी झाली नसती.

आता हाच हिशेब उलटा लावा. जून 2024 मध्ये लाडकी बहीण योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाला 46,000 कोटी खर्च सांगितला होता. एका महिलेचे वर्षाचे 18,000, म्हणजे सुमारे 2 कोटी 55 लाख महिला धरलेल्या. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात तरतूद झाली 36,000 कोटींची. भागाकार केला की उत्तर येतं बरोबर 2 कोटी. यादीत तेव्हा त्याहून कितीतरी जास्त नावं होती. त्यामुळे मार्चमध्येच दोनच वाटा उरल्या होत्या: पुरवणी मागण्यांतून, म्हणजे वर्षाच्या मध्ये जादा तरतूद करून, पैसे आणायचे, नाही तर नावं कमी करायची. 2100 चा प्रश्न सोडाच, 1500 नुसार चालू यादीसुद्धा त्या रकमेत बसत नव्हती. जुलै 2025 मध्ये 26 लाख 34 हजार महिलांचा लाभ थांबवल्याचं मंत्र्यांनी सांगितलं, तेव्हा अनेकांना धक्का बसला. पण 26 लाख 34 हजार गुणिले 18,000 म्हणजे जवळपास 4,740 कोटी. पडताळणी गैरप्रकारांमुळे झाली हे खरं असेल, पुरुषांची नावंही सापडलीच. तरी भागाकारानं आधीच सांगितलेल्या दिशेनंच यादी सरकली, हे लपत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. नावं गेली ती नव्या अटींमुळे नव्हे. अडीच लाखांची उत्पन्न मर्यादा, घरात ट्रॅक्टर सोडून चारचाकी नसणं, कुटुंबात कोणी आयकर भरणारं किंवा सरकारी नोकरीत नसणं, दुसऱ्या योजनेतून 1500 किंवा जास्त मिळत नसणं, हे सगळं 28 जून 2024 च्या मूळ शासन निर्णयात होतंच. नंतर 5 एकर जमिनीची अट काढली, वयाची मर्यादा 60 वरून 65 केली, पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवाल्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट दिली. अर्ज घेताना मात्र हमीपत्रावर भागवलं गेलं. अंगणवाडी सेविकेला अर्जामागे 50 रुपये भत्ता होता, मुदत तोंडावर होती, परिवहन विभागाची चारचाकीची यादी कोण जुळवून बघणार? ऑगस्टमध्ये पहिले 3000 खात्यात पडले. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते 15 ऑक्टोबरला आचारसंहिता लागण्याआधीच देऊन झाले. निकष कागदावर तसेच राहिले आणि निवडणूक संपल्यावर जागे झाले. योजनेचा शासन निर्णय वाचताना रकमेच्या परिच्छेदापेक्षा 'अपात्रता' हा परिच्छेद आधी वाचावा, तो याचसाठी.

नमो शेतकरीचा हप्ता घेणाऱ्या बायकांना 500 च का येतात, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. उत्तर त्याच शासन निर्णयात आहे. पीएम किसानचे 6000 आणि नमोचे 6000 मिळून वर्षाला 12,000, म्हणजे महिन्याला 1000 आधीच मिळतात, म्हणून वरचा फरकच मिळतो. उद्या 2100 झाले तरी ही वजाबाकी राहणार की जाणार, हे नव्या शासन निर्णयातल्या एका वाक्यावर ठरेल.

निकष शाबूत असूनही पैसे न येण्याची कारणं आणखी वेगळी. थेट लाभ हस्तांतरणात पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर जात नाहीत. आधारला शेवटी जे खातं जोडलंय, म्हणजे बँकांच्या भाषेत एनपीसीआय मॅपरवर ज्या बँकेचं नाव आहे, तिथे जातात. मधल्या काळात मोबाईलच्या दुकानात एखादं पेमेंट बँकेचं खातं उघडून घेतलं असेल तर हप्ता मुकाट्यानं तिकडे पडतो आणि बाई जिल्हा बँकेचं पासबुक घेऊन फेऱ्या मारते. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग'ची स्थिती दिसते, बँकेच्या आधी ती बघावी. सप्टेंबर 2025 पासून ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात स्वतःच्या आधारनंतर पती किंवा वडिलांचा आधार आणि त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपी लागत होता. पती-वडील दोघेही हयात नसलेल्या आणि घटस्फोटित महिला तिथेच अडकल्या. मुदत वाढवत 31 डिसेंबरपर्यंत नेली, त्यांच्यासाठी कागदपत्रांची वाट काढली. शेवटच्या टप्प्यातला सरकारी नोकरीचा प्रश्न नकारार्थी लिहिलेला, त्यामुळे 'होय' दाबलं की काय कबूल केलं हेच कळेना. अशा चुकीच्या एका बोटानं पात्र बाई अपात्रांच्या यादीत जाते. कोणताही पक्ष हे जाहीरनाम्यात लिहीत नाही.

मग पैसे का नाहीत? 2025-26 चा अर्थसंकल्प सुमारे 7 लाख कोटींचा, ऐकायला अवाढव्य. पण महसुली खर्चातला निम्म्याहून जास्त भाग पगार, निवृत्तिवेतन आणि व्याजात जातो, तिथे हात घालता येत नाही. महसुली जमा 5 लाख 60 हजार 964 कोटी, महसुली खर्च 6 लाख 6 हजार 855 कोटी, म्हणजे 45,891 कोटींची तूट. ही महसुली तूट आहे. पूल किंवा धरण बांधायला काढलेल्या कर्जाची नव्हे, चालू खर्चच भागत नसल्याची. आणि राज्याला हवं तेवढं कर्ज उचलता येत नाही. केंद्राचं देणं असलेल्या राज्याला संविधानाच्या कलम 293 प्रमाणे केंद्राची संमती लागते, मर्यादा साधारण सकल उत्पन्नाच्या 3 टक्क्यांची. मग ओढाताण दुसरीकडून होते. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी आणि आदिवासी विकासचे 335 कोटी लाडकी बहीण योजनेकडे वळवल्यावर खुद्द सरकारातल्याच मंत्र्यानं नाराजी बोलून दाखवली. आनंदाचा शिधा बंद पडला. एक रुपयात पीकविमा 2025 च्या खरिपापासून गेला. त्यामागे बोगस अर्जांचंही कारण होतं, पण शेतकऱ्याला पुन्हा खरिपाला 2 टक्के, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना 5 टक्के हप्ता भरावा लागू लागला. एका वचनाचे पैसे बहुतेकदा दुसऱ्या जुन्या वचनातूनच काढले जातात.

काही वचनं तर सरकारच्या एकट्याच्या हातातच नसतात. वीजदर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. सरकारला ग्राहकाचं बिल कमी करायचं असेल तर वीज कायदा 2003 च्या कलम 65 प्रमाणे अनुदानाची रक्कम आधी मोजून द्यावी लागते. म्हणून '30 टक्के कपात' ऐकलं की विचारायचं: आयोगाच्या आदेशातून की तिजोरीतून, आणि किती युनिटपर्यंत? सोयाबीनला क्विंटलमागे 6000 रुपये भाव देऊ या वचनाचंही तेच. 2024-25 चा हमीभाव होता 4,892, तो केंद्र ठरवतं. तो मिळायचा तर खरेदी केंद्रावर नोंदणी हवी, सातबाऱ्यावर पीकपेरा हवा आणि मालात ओलावा 12 टक्क्यांच्या आत. मतदानाच्या तोंडावर केंद्रानं ओलाव्याची मर्यादा 15 टक्के केली खरी, पण तोवर ज्यांना दिवाळीचे पैसे हवे होते ते व्यापाऱ्याला घालून मोकळे झाले होते. पुढे बारदाना, म्हणजे माल भरायची पोती, संपला म्हणून काटे थांबले. दर जाहीर करणं आणि तो शेतकऱ्याच्या हातात पडणं यांत बारदाना आडवा येतो.

वचन मोडलं म्हणून कोर्टात जाता येतं का? नाही. जाहीरनाम्यातलं आश्वासन म्हणजे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 खालचं भ्रष्ट आचरण नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2013 मध्ये तमिळनाडूच्या सुब्रमण्यम बालाजी प्रकरणात सांगितलं. त्याच निकालामुळे आचारसंहितेत जाहीरनाम्यावर एक भाग आला: वचनामागचा तर्क आणि पैसा कुठून येणार हे ढोबळमानानं सांगावं. हे 'ढोबळमानानं' सगळ्यांच्या सोयीचं आहे. 2022 मध्ये निवडणूक आयोगानं खर्चाचा तक्ताच भरून घ्यावा असा प्रस्ताव पक्षांना पाठवला होता, तो तिथेच राहिला.

कर्जमाफी हा मात्र वेगळाच प्रकार. तिथे नुकसान वचन मोडल्यानं होतं तसं वाट पाहण्यानंही होतं. मार्च 2025 च्या अखेरीस अजित पवारांनी बारामती तालुक्यात स्पष्ट सांगितलं, 31 मार्चच्या आत पीककर्ज भरा. तोवर हजारो लोक 'माफी येतेय' म्हणून थांबलेले. थांबण्याचा हिशेब असा: मुदतीत फेडलं तर 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्यानं पडतं. मुदत गेली की व्याजसवलत जाते, दोन हंगाम ओलांडले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक, होतं आणि पुढच्या पेरणीला गावची कर्ज देणारी सोसायटी नवं कर्ज देत नाही. मग खाजगी सावकार किंवा कृषी सेवा केंद्राची उधारी, ती शून्य टक्क्यानं नसते.

उलट जो भरतो तो नियमित म्हणून माफीतून बाहेर. मार्चमध्ये हातउसने आणून भरायचं आणि एप्रिलात पुन्हा उचलायचं, याला गावात 'नवं-जुनं' म्हणतात. नवं-जुनं केलेला माणूस खरं तर तितकाच कर्जात असतो, पण कागदावर चालू बाकीदार. 2019 च्या योजनेत 1 एप्रिल 2015 ते 31 मार्च 2019 दरम्यान उचललेलं आणि 30 सप्टेंबर 2019 ला थकीत असलेलं 2 लाखांपर्यंतचं पीककर्ज माफ झालं. या तीन तारखांनी कोण आत आणि कोण बाहेर ते ठरलं. नियमित भरणाऱ्यांना 50,000 चं प्रोत्साहन मार्च 2020 च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं होतं, ते पोचायला ऑक्टोबर 2022 उजाडलं आणि मध्ये सरकारच बदललं.

2017 च्या योजनेत 34,022 कोटींचा आकडा जाहीर झाला, प्रत्यक्षात गेलेली रक्कम त्याहून बरीच कमी. कारण पद्धत. पती-पत्नीनं जाऊन ऑनलाइन अर्ज भरायचा, बोटांचे ठसे जुळायचे, कुटुंबाला मिळून दीड लाखाची मर्यादा, आणि कर्ज दीड लाखाच्या वर असेल तर वरची रक्कम आधी स्वतः भरा, मग माफी. ज्याच्याकडे ती वरची रक्कम असती तो थकलाच कशाला असता? 2019 ला अर्जच काढून टाकला. बँकेनं यादी दिली, गावात विशिष्ट क्रमांक लावले, शेतकऱ्यानं आधार प्रमाणीकरण करून रक्कम मान्य आहे की नाही एवढं सांगायचं. हप्ते तुलनेनं भराभर गेले. वचन जवळपास तेच, फरक अर्जाच्या पद्धतीचा.

नागपूरच्या ट्रॅक्टर आंदोलनानंतर 30 ऑक्टोबर 2025 ला मुख्यमंत्र्यांनी समिती नेमली असल्याचं आणि 30 जून 2026 पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेऊ असं सांगितलं. असा निर्णय हाती येतो तेव्हा आकड्याला भुलू नये. शासन निर्णयाच्या शेवटी वित्त विभागाचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक आहे का बघावं, तो नसेल तर पैशाला मान्यता नाही. लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा ते, दिलंय का बघावं. मग थकीत असण्याची तारीख. मग पुनर्गठन केलेली कर्जं धरलीत का, कारण दुष्काळात बँकेनंच पीककर्जाचं मध्यम मुदतीत रूपांतर केलेलं असतं आणि 'पीककर्ज' एवढाच शब्द असेल तर ती खाती गळतात. मर्यादा खात्याला आहे की कुटुंबाला, आणि कुटुंब म्हणजे शिधापत्रिका की पती-पत्नी-अज्ञान मुलं, हेही. सोसायटीच्या सचिवाकडून आपल्या खात्याचा उतारा मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवून घ्यावा, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय ना ते बघावं. याद्या लागल्यावर सचिवाच्या दारात रांग असते, तेव्हा तो उतारा मिळत नाही.